उशिराचं कारण

मुंजाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीजवळच्या गोरेगावात एका साखरपुड्याच्या मांडवात बसून त्याचीच गोष्ट सांगत होतो. गोष्ट ऐन रंगात आलेली, समोरचे पाच-सहा पाहुणे हातातली ताटं विसरलेले, आणि खिशातला फोन वाजला. सलीमभाईचा होता. मी कट केला. हसू फुटायच्या ऐन वेळी फोन उचलणं आमच्या जातकुळीत बसत नाही. लोक हसले, मीही हसलो, एकाने तर डोळे पुसले. मग मी सावकाश हात धुऊन सलीमभाईला फोन लावला. तो म्हणाला, "मास्तर, अपना मुंजाजी गया. सकाळीच. तुमी फोन काहून कट केला?" ... त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देतो.

मुंजाजी हिंगोलीच्या मोंढ्यात मापाडी होता. सारा जन्म हळदीची पोती काट्यावर चढवण्यात गेलेला, त्यामुळे हात कायमचे पिवळे. "लग्नाला तीस वर्षं झाली तरी या नवरदेवाची हळद उतरली नाही," असं मी वहिनींसमोर म्हणायचो आणि तो लाजायचा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, सलीमभाईचं टायरचं दुकान. आम्हा तिघांना एकत्र आणलं ते रेल्वेच्या खोडीनं. दर रविवारी सकाळी हिंगोली स्टेशनच्या फलाटाच्या पार टोकाला, जिथं शेड संपते, तिथल्या बाकावर आमची बैठक. लोकांना वाटायचं, यांचे पाहुणे यायचेत. आमचा पाहुणा म्हणजे खुद्द गाडी. वर्षातून दोन-चारदा तिच्यात बसून दिवसभर कुठं तरी जायचं, दुसऱ्या टोकाला चहा प्यायचा आणि परत यायचं. घरच्यांना हे कधी समजावता आलं नाही. "तिथं काय काम होतं?" या प्रश्नाला आम्ही तिघंही खाली बघायचो.

मुंजाजीजवळ एक लांबट वही असायची. पानावर चार रकाने आखलेले : स्टेशन, यायची वेळ, आलेली वेळ आणि उशिराचं कारण. ज्या स्टेशनातून तो स्वतः गाडीत बसून गेला तेवढंच वहीत जायचं. ऐकलेलं, वाचलेलं काही नाही. आणि चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही. गार्डाला विचारील, गँगमनला विचारील, पण कारण घेऊनच येईल. 'क्रॉसिंग'. 'म्हैस'. 'इंजिनात बिघाड'. मी म्हणायचो, "अरे, लिही काही तरी अंदाजे." तो म्हणायचा, "मास्तर, अंदाजेच करायचं तर मंग काटा कशाला पाहिजे?"

माझं रेल्वेप्रेम त्या मानानं तोंडी. आमच्या पहिल्याच सहलीत मी फलाटावर उभं राहून मोठ्या ऐटीत "हीच वाशीमची" म्हणून दोघांना गाडीत चढवलं, आणि आम्ही वसमतला उतरलो. तिथून परतताना मुंजाजीनं वहीत चौथ्या रकान्यात गंभीरपणे लिहिलं : 'मास्तर'. पुढं हे कारण त्या वहीत अनेकदा आलं. पूर्णेला मी तिकिटं धुतलेल्या शर्टात विसरलो : 'मास्तर'. कान्हेरगावला मी एका अनोळखी गृहस्थांना गार्ड समजून अर्धा तास सिग्नलवर चर्चा केली आणि ते निघाले व्याह्यांना घ्यायला आलेले : 'मास्तर'. हे सगळं मी गावभर सांगायचो. स्वतःची फजिती सांगण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा लौकिक आहे. पण एक फजिती मी माझ्या नावावर कधी सांगितली नाही...

मुंजाजीचा बाप एके काळी धुळघाटाकडं रुळावर कामाला होता. तिथं अकोला-खंडव्याची छोटी लाइन डोंगराला वळसा घालून पुलावर चढते आणि आपल्याच खालच्या रुळांवरून पलीकडं जाते, अगदी आपल्या चारच्या आकड्यासारखी. बापानं लहानपणी शिरड शहापूरच्या घरात जमिनीवर कोळशानं तो आकडा काढून दाखवला होता. मुंजाजीला ते आयुष्यात एकदा गाडीत बसून बघायचं होतं. मोंढा, पोरींची लग्नं, आजारपणं, यात राहून गेलं. मग बातमी आली की छोटी लाइन बंद व्हायची आहे. आम्ही ठरवलं, आता नाही तर कधीच नाही.

त्या सकाळी मुंजाजीनं नवा सदरा घातला होता. अकोल्याला गाडी बदलली, छोट्या गाडीत खिडकी मिळाली. त्यानं पान आखून ठेवलेलं, धुळघाटाची ओळ लाल पेननं. अकोटला गाडी थांबली आणि मला भज्यांचा वास आला. "मास्तर, उतरू नका," मुंजाजी म्हणाला, "हितं थांबणं थोडंच हाय." मी म्हणालो, "अरे, ही बैलगाडीची थोरली बहीण. धावत जाऊन पकडू." फलाटावरची भजी गार होती. म्हणून मी स्टेशनाबाहेर गेलो. बाहेरची गरम होती, पण संपत आलेली. म्हणून मी नव्या घाण्यासाठी थांबलो. शिटी वाजली तेव्हा भजी तेलात होती, आणि मी... मी भजीवाल्याला म्हणालो, "अजून जरा लाल होऊ द्या."

पुडकं घेऊन पळत आलो तर शेवटचा डबा फलाट सोडत होता. आणि फलाटाच्या मध्यावर मुंजाजी उभा, खांद्याला माझी पिशवी. माझा फोन, पाकीट, बीपीच्या गोळ्या, सगळं त्या पिशवीत. सलीमभाई पुढच्या दारात मोबाइलवर गाडीचं शूटिंग करून राहिला होता, त्याला काही कळलंच नाही. तो तसाच पुढं गेला. "तू काहून उतरलास?" मी ओरडलो. तो म्हणाला, "परक्या गावात तुमी काय केलं असतं बिगर गोळ्याचं?" मग बाकावर बसून त्यानं एक भजं खाल्लं आणि म्हणाला, "भजी मातर बराबर झाली." एवढंच. गाडीचा धूर दिसेनासा झाला तरी तो त्याच बाजूला तोंड करून बसला होता.

पुन्हा जाऊ, असं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा मीच मोडलं. एकदा मेव्हण्याच्या वास्तुशांतीसाठी, एकदा नुसता कंटाळा आला म्हणून. तेवढ्यात लाइन बंद झाली. नवे रूळ जंगल टाळून दुसरीकडून नेणार, असं पेपरात आलं. सलीमभाईनं पुढं धुळघाटात काढलेलं शूटिंग दाखवायला फोन समोर धरला, तर मुंजाजीनं मान फिरवली. "राहू द्या भाई. बसून गेलो न्हाई, ते बघू काहून?"

आणि मी काय केलं? मी गोष्ट उलटी केली. मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवणारा मुंजाजी भज्यांपायी गाडी चुकला, अशी. मास्तर चुकला यात लोकांना काय नवल? मुंजाजी चुकला की मांडव हसायचा. पहिल्यांदा सांगितली ती त्याच्याच धाकट्या पोरीच्या लग्नात, त्याच्यासमोर. सलीमभाईनं माझ्याकडं पाहिलं. मुंजाजी मात्र हसत म्हणाला, "व्हय, नाद वाईट भज्याचा." मला वाटलं, त्याचीही संमती आहे. मग काय, दर मांडवात मी ती सांगत गेलो, दर वेळी भजी वाढवत.

तेरवीनंतर मी आणि सलीमभाई त्याच्या घरी गेलो. वहिनी खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांचं घर स्टेशनाच्या बाजूला, गाडी गेली की भांडी हलतात. त्यांनी भिंतीवर खिळ्याला अडकवलेली त्याची वही काढून माझ्या हातात दिली. "तुमचेच जोडीदार होते, बघा." मी अकोटचं पान काढलं. स्टेशनं, वेळा, सगळं नीट. अकोटपुढं 'उतरलो'. चौथा रकाना रिकामा. साऱ्या वहीत तेवढं एकच घर रिकामं, आणि त्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा. वसमतला 'मास्तर' लिहिलं, पूर्णेला 'मास्तर' लिहिलं. इथं बोट टेकवून बसला असेल आणि लिहिलं नाही.

"भज्यानं घात केला त्यायचा," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर ज्याचा ध्यास घेतला, ते भज्यापायी घालवलं. त्या लग्नात तुमच्या तोंडून ऐकलं, तवापासून या घरात भजी केली न्हाईत मी. लई आवडायची त्यायला. मागायचे, मी म्हणायची, जा अकोटला."

बोलायची पाळी माझी होती. मी सगळं सांगितलं, नव्या घाण्यासकट. आयुष्यात पहिल्यांदा माझी एक फजिती ऐकताना कुणी हसलं नाही. वहिनी म्हणाल्या, "मंग मला काहून न्हाई सांगितलं त्यायनी? इतकी वर्षं मी..." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "लिवा. रिकामं घर चालत नव्हतं त्यायला."

मी पेन काढलं. हळदीच्या ठशावर शाई धरेना. दोनदा, तीनदा गिरवून तो एक शब्द उमटला : 'मास्तर'. वहिनींनी वही घेतली, वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिली आणि खिळ्याला अडकवली. तेवढ्यात भांडी हलली. अकोल्याकडची गाडी होती. वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, रोज तो पाहायचा तसं.

"अकरा मिन्टं उशीर," त्या म्हणाल्या. "काहून झाला आसंल, मास्तर?"

तोंडावर तीन कारणं आली, तिन्ही मजेदार.

"माहीत नाही, वहिनी," मी म्हणालो. "स्टेशनात जाऊन विचारून येतो."