समुद्रघोड्यांचा चारा

माझ्या थोरल्या दिरांना कुणीतरी सांगितलं की बारामतीत आजवर कुणी घरी समुद्राचा मासा पाळलेला नाही. झालं! किडा वळवळला. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान चांगलं चालायचं, आणि ते चाललेलं सगळ्या गावाला दिसलं पाहिजे, ही त्यांची खोड. मुंबईहून चार फुटी काचेची टाकी आली, समुद्राच्या मिठाच्या पिशव्या आल्या आणि पाठोपाठ करंगळीएवढे दोन समुद्रघोडे आले. टाकी बैठकीत, दारातून आल्या आल्या दिसेल अशी.

आणि हे महाराज काही खाईनात! सुकं खाणं नाकासमोरून तरंगत गेलं तरी ढुंकून बघत नव्हते. त्यांना हलतं, जिवंत भक्ष्य लागतं.

“तू प्राणीशास्त्र शिकलीस न्हवं? मग बग की,” भाऊजी म्हणाले. माझी पदवी त्या घरात तेवढ्या एकाच कामाला आली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मला गावातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. मला शिकवलेल्या बाईंनीच घरी येऊन विचारलं होतं. भाऊजींनी बाईंना चहा पाजला, त्यांची पाठ वळल्यावर मला अट घातली. “दिवाळीपतूर मासं जगवून दाव. मग जा कुठं जायचं त्ये.” माझा नवरा लोणी देवकरला कारखान्यात होता. शनिवारी यायचा, रविवारभर भावापुढं तोंडात गुळणी धरून बसायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्याच्याकडून कसली आशा!

तर मी चारा पिकवायला लागले. आर्टेमिया म्हणून एक बारीक खारा झिंगा असतो. त्याची वाळलेली अंडी डब्यातून मिळतात, दिसायला नाचणीच्या पिठासारखी. मिठाच्या पाण्यात टाकली, खालून हवेचे बुडबुडे चालू ठेवले की दोन दिवसांत केशरी पिल्लं निघतात. मागच्या पडवीत मी काचेच्या सहा बरण्या मांडल्या. पिल्लं उजेडाकडं धावतात, म्हणून बरणीला काळं फडकं गुंडाळून एका बाजूच्या फटीशी बॅटरी धरायची, तिथं ती गोळा झाली की नळीनं ओढून गाळायची. गाळायला कापड मिळेना. माझे सासरे, म्हणजे आबा, त्यांनी डोक्याच्या जुन्या मुंडाशाची पट्टी फाडून दिली.

आबांनी उभा जन्म मेंढरांमागं काढलेला. कळप विकून पोरांच्या घरी येऊन बसले होते, आणि टाकीकडं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पण पडवीत यायचे. बरणीपुढं उकिडवे बसून म्हणायचे, “ह्ये बी चरत्यात की गं.”

खरी काशी व्हायची ती वीज गेल्यावर. हवा बंद पडली की पिल्लं तळाला बसून मरतात. त्यावर मी तोड काढली. भाऊजींच्याच दुकानातली ट्रॅक्टरची ट्यूब सायकलच्या पंपानं फुगवून ठेवायची. लाईट गेली की तिच्या तोंडाला नळी लावून हवा बारीक सोडायची. तीन तास निघायचे. पंप मारून मारून हाताला घट्टे पडले. भाऊजी पाहुण्यांना सांगायचे, “आमी घरीच चारा तयार करतो.” आमी! कधी बरणीला हात लावला नाही त्या माणसानं.

समुद्रघोड्यांचा मात्र मला राग आला नाही, हे कबूल करते. मी गाळणी घेऊन आले की दोघंही काचेशी यायचे, शेपट्या एकमेकांत अडकवून वाट बघायचे. त्यांना कळायचं मी कोण ते. घरात तेवढं तरी कुणाला कळत होतं.

दिवाळी झाली. मासे जिवंत होते, टुणटुणीत होते. मी पाडव्याला भाऊजींपुढं उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच वेडी. “तू गेलीस तर ह्यांना घालायचं कुनी? आता तर अजून दोन मागवनार हाय मी.”

मेल्याचा मुडदा बशिवला, असं मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं. मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती. बाईंचा निरोप आला, महिनाअखेरपर्यंत ये, नाहीतर दुसरीला घ्यावं लागेल.

त्याच आठवड्यात इंदापूरकडचे पाहुणे जेवायला आले. मी पुऱ्या तळत होते. लाईट गेली. भाऊजी पाहुण्यांना घेऊन पडवीत गेले, तर बरण्या गप्प. ट्यूबमधली हवा सकाळीच संपलेली. पाहुण्यांपुढं बुडबुडे तर दिसले पाहिजेत! या शहाण्यानं भिंतीला टांगलेला द्राक्षांच्या फवारणीचा पाठीवरचा पंप काढला, दांडा मारून हवा भरली आणि त्याची नळी एकेका बरणीत सोडली. पाहुणा म्हणाला, अहो, औषधाचा पंप तो. “रिकामा हाय. नुसती हवा हाय,” भाऊजी म्हणाले.

मी हात पुसत पोचले तेव्हा बरण्या कशा खदखदत होत्या! कीटक मारायच्या औषधाचा थेंबसुद्धा झिंग्याला पुरतो. मी ओरडले, त्यांनी मला गप्प बस म्हणून खुणावलं. संध्याकाळपर्यंत सहाच्या सहा बरण्यांचा तळ केशरी झाला होता.

पाहुणे गेल्यावर भाऊजींचं तोंड उतरलं. “अंडी हायत का अजून?”

डबा फडताळात होता. अर्धा भरलेला. बरणी धुऊन लावली असती तर दोन दिवसांत पिल्लं निघाली असती.

“संपली,” मी म्हणाले.

आबा दारात तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्या रात्री मी डबा ज्वारीच्या कणगीत खुपसला. भाऊजींनी मुंबईला फोन केला, पार्सल आठवड्यानं येणार होतं.

रोज सकाळी मी बैठक झाडायला जायचे आणि ते दोघं काचेशी यायचे. चौथ्या दिवशी मी तिकडं पाठ करून झाडलं. सहाव्या दिवशी दोघंही तळाला होते. भाऊजी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होते आणि मला, देवा, आनंद झाला होता. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले, तेही खरं.

“मासं संपलं. आता पोरगी जाईल,” आबा म्हणाले. औषधाचा पंप सगळ्यांनी पाहिला होता, त्यामुळं भाऊजींना बोलायला तोंड नव्हतं.

कॉलेजला निघाले त्या सकाळी आबा फाटकाशी उभे होते. त्यांनी मुंडाशाच्या पट्टीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या पिशवीत ठेवलं. हात लावताच मला कळलं.

“कणगीतनं ज्वारी काढाया गेलतो. तिसऱ्या दिशी घावला.”

तिसऱ्या दिवशी ते दोघं जिवंत होते.

“आबा, मग बोलला का नाहीत?”

“बोललो आस्तो तर त्यानं तुला जाऊ दिलं आस्तं व्हय?” ते फाटकाच्या कडीकडं बघत होते. “दुष्काळात मेंढरं घिऊन कोकनात उतरलो आमी. सोता उपाशी ऱ्हायलो, पर आपल्या हातावरचं जनावर उपाशी मरू दिलं न्हाय. ह्यो डबा घरात ठिवू नगंस, पोरी. मला दिसतुया.”

मी “व्हय आबा” म्हणाले आणि गेले.

पहिल्याच आठवड्यात बाई म्हणाल्या, मुलींना दाखवायला काहीतरी जिवंत लाव. मी तो डबा उघडला. दोन दिवसांनी हजारो पिल्लं निघाली, मी बॅटरी धरली तशी सगळी एका बाजूला गोळा झाली. मुली खूश झाल्या. मी आबांची पट्टी हातात घेऊन उभी होते, आणि गाळून न्यायचं कुणासाठी, ते मला सुचेना.