बाहेरची कडी

मन तान्ह्या मुलाइतकं निर्मळ ठेवलं की माणूस मोकळा होतो, असं चीनमधले ताओ विचाराचे ज्ञानी सांगून गेले. निपाणीच्या तंबाखू वखारीत मी दिवाणजी होतो, तेव्हा अशा मनाचा एकच माणूस पाहिला. तो बहुधा कडीच्या आत असे.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तंबाखूचे भलेथोरले बोद, म्हणजे गठ्ठे, रचणं हे त्यांचं काम आणि "हाय ते हाय बघा" हे पालुपद. व्यापाऱ्याने सहज विचारलं तरी अण्णा सांगून मोकळे, "वरचा माल झ्याक हाय. खालच्याला काल वजनासाठी पाणी मारलंय." वर हसायचे, जणू मालकालाही ऐकून बरं वाटेल. असा राबणारा दुसरा मिळणार नाही, म्हणून मालकाने त्यांना काढलं नाही. व्यापारी आला की मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायची, एवढंच. अण्णा रुसायचे नाहीत. आत बसून शिंकायचे.

घरीही तेच. मुलीची दोन-तीन स्थळं त्यांनीच परत पाठवली. "पोरगी गुणाची. पर तापली की भांडी फेकती."

चिकोडीकडचं चांगलं स्थळ आलं, तेव्हा मुलगी वखारीच्या दारात येऊन उभी राहिली.

"अण्णा, एक दिस गप बसा. ह्येबी मोडलं तर मी जलमभर हितंच."

"बसतो गं. पर त्येंनी इचारलं तर?"

तिला रडू फुटलं.

पाहुणे यायच्या दिवशी अण्णा आपणहून मागच्या खोलीत गेले. "दिवाणजी, कडी घाला. उघडं ऱ्हायलं तर मी जातोय."

शेजारी म्हणून मी बैठकीला होतो. पाहुण्यांनी वडिलांची चौकशी केली. वखारीत अडकलेत, मी म्हणालो.

कडी काढायला मीच गेलो. अण्णांचे नाकडोळे लाल झाले होते.

"जमलं?"

"जमलं."

"भांड्यांचं न्हाय इचारलं?"

"नाही."

दार उघडं होतं, तरी ते बोदावर बसून राहिले. "त्या पोराला कुणीतरी सांगाय पायजे हुतं," म्हणाले.

मुलीच्या सासरी ते कधीच गेले नाहीत. "कुणी इचारलं तर?" सणाला ती यायची, तेव्हा तिला वेशीपर्यंत पोचवून तिथूनच परतायचे.

युद्धाच्या दिवसांत अण्णा गेले. निरोप घेऊन मी चिकोडीकडे गेलो. मुलीचं रडणं ओसरल्यावर सासरे मला परसात घेऊन गेले.

"अण्णांचं सुनंनं सगळं सांगितलंय. आमचा थोरला भाऊबी असाच. पोरगी बघाय मीबी येतो म्हणून मागं लागलता. आमचं पोरगं झोपंत चालतंय, त्येनं सांगितलं असतं. मग काय, हितं घालून आलतो."

त्यांनी गोठा दाखवला. कडी बाहेरूनच होती.