फाटक्या कानाची सिंहीण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही नाही — तिथे तर मी नेहमी घाईतच असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतं. बघू.

मी कुडव्याला राहते. घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑफिस आहे. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा. लोकांना जंगल बघायला पाठवणं हा माझा धंदा. आधी नुसतं इथलं जवळचं नागझिरा आणि नवेगाव होतं. जिप्सी, गाइड, राहायची खोली. मग नागपूरच्या एका कंपनीशी जोडले गेले आणि केनिया, टांझानियाही सुरू केलं. कुठल्या महिन्यात जायचं, तंबूत राहायचं की पक्क्या लॉजमध्ये, नदीकाठी की उंचावर — हे सगळं मी ठरवून देते. लोक म्हणतात, ताईंना आफ्रिका तोंडपाठ आहे.

ताई आफ्रिकेला कधी गेलेल्याच नाहीत.

थांबा, कबुली ही नाही. एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते. खोटं बोलून धंदा करणारी मी काही जगावेगळी नाही.

झालं असं की कंपनीने एकदा मुंबईला ट्रेनिंगला बोलावलं. तिथे हत्तींचे, तंबूंचे सुंदर फोटो मिळाले, ते मी मोबाइलवर स्टेटसला ठेवले. परतल्यावर कॉलनीतल्या हळदीकुंकवाला एकीने सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "ये अभी अफ्रीका होके आई है!" बायका वळून वळून बघायला लागल्या. मी काय केलं? हसले. नाही म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? तेवढा वेळ मी हातातलं वाण न्याहाळत बसले.

मग लोक विचारायला लागले — सिंह पाहिला का? आता आफ्रिकेला जाऊन आलेली बाई सिंह पाहिला नाही असं कसं सांगणार? म्हणून मी एक सिंहीण तयार केली. डावा कान फाटलेला, पोळीचा कोपरा तोडावा तसा. नदीकाठच्या तंबूसमोर ती दुपारची येऊन बसते. गुरगुरत नाही, जवळ येत नाही. नुसती बघत राहते. प्रत्येक वेळी सांगताना तिच्यात काही ना काही भर पडायची. खरं सांगू? मला ती आवडायला लागली होती. मनात मी तिला मागच्या एका पायाने लंगडीही केली होती, पण ते जरा जास्तच होईल म्हणून कोणाला सांगितलं नाही. हे लक्षात असू द्या. लंगडण्याचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

मग शालिककाका आले.

शालिककाका वडिलांचे दोस्त. मुर्रीला राहतात. वनरक्षक म्हणून उभा जन्म जंगलात गेला. पाणवठ्यावर मचाणीवर बसून जनावरं मोजायची, हे त्यांचं खास काम. मचाणीवर माणूस एकटा असतो. खाली येऊन तो जे पाहिलं म्हणेल ते खरं धरायचं, त्याला फिरून विचारायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. दुसरं करणार काय? साक्षीला तिथे कोणी नसतंच. माणसं अशी एकमेकांच्या शब्दावर चालायची, आणि काकांना वाटायचं की सगळं जगच तसं चालतं.

त्यांना काचबिंदू होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की उरलीसुरली नजर दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. काका काकूंना घेऊन माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, वाघ लय पाह्यले. डोरे हायेत तोवर एकदा सिंह दाखव." नोकरीभर बाजूला टाकलेले सगळे पैसे ते या एका गोष्टीत घालायला निघाले होते. मी त्यांना माझी सिंहीण सांगितली. वारा कुठून होता, ऊन तिच्या कुठल्या अंगावर होतं, बसताना आधी पुढचे पाय टेकले की मागचे — काकांनी सगळं विचारलं. परीक्षा घ्यायला नाही हो. त्यांना ती डोळ्यांसमोर आणायची होती. मी सगळ्याची उत्तरं दिली. एकदाही अडले नाही.

आणि मी त्यांना एप्रिल सांगितला. आपल्या हिशोबाने. नागझिऱ्यात उन्हाळा चढला, पाणी आटलं की जनावर पाणवठ्यावर येतं. जुलैत आपल्याकडे पाऊस, जंगलच बंद. त्यामुळे एप्रिलमध्ये आफ्रिका म्हणजे सोन्याहून पिवळं, असं मी छातीठोक सांगितलं. ही चूक होती, आणि ती निव्वळ अडाणीपणाची होती. तिच्यासाठी मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं.

पण बुकिंग पक्कं व्हायच्या आधी नैरोबीच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. गोड आवाज, सावकाश बोलणं. त्या म्हणाल्या, एप्रिल म्हणजे आमचा मोठा पाऊस. गवत माणसाच्या कमरेवर जातं, गाड्या चिखलात बसतात. फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, त्या गृहस्थांची नजर चालली आहे ना? मग जुलैपासून पुढे पाठवा. आणि एप्रिलच हवा असेल तर नदीकाठचा तंबू नको, उंचावरच्या लॉजमध्ये ठेवा, तिथून निदान लांबवरचं दिसतं.

जुलै. म्हणजे दिवाळीच्या कितीतरी आधी. काकांची नजर तेव्हा शाबूत असणार होती.

मला फक्त मुर्रीला जाऊन सांगायचं होतं — काका, माझी चूक झाली, जुलैत जा. मी स्कूटी काढलीसुद्धा. पण मनात आलं, काका विचारतील, तू तर जाऊन आलीस ना बाई, मग तिथला पावसाळा तुला ठाऊक नाही? आणि तंबू सोडून लॉजवर का, सिंहीण तर तंबूसमोर येते ना? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत गेले, दही घेतलं आणि घरी आले. नैरोबीला कळवलं की पाहुण्यांना पाऊस आवडतो.

झालं. हीच ती गोष्ट. एका म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं बघणं मी माझ्या अब्रूसाठी पावसात घालवलं. वाईटपणा करायला मोठी छाती लागते असं मला वाटायचं. काही लागत नाही.

ते परत आले तेव्हा मी तोंड लपवून होते. फोन घेतला नाही. शेवटी काका स्वतःच आले, काकूंना घेऊन. अंगणातूनच त्यांनी हाक मारली, "पाह्यली वं बाई! तुह्यी सिंहीण पाह्यली!"

मी खुर्ची पुढे ओढली. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. दुपारची वेळ. तंबूसमोर. डावा कान तसाच, कोपरा तोडल्यासारखा. गुरगुरली नाही, जवळ आली नाही. आणि उठून गेली तेव्हा मागचा उजवा पाय ओढत गेली. "हे तू सांगतलं नव्हतं," असंही वर म्हणाले. लहान पोराने मोठ्यांची चूक पकडावी तसे खूश होते.

मी काकूंकडे बघितलं. काकू नकाशाकडे बघत होत्या.

चहा करायला आत गेले तर त्या मागोमाग आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पानीच पानी होता. जनावर कुठचा वं? आमी दोघंच होतो त्या तंबूत, बाकी सप्पे तंबू रिकामे. हे म्हनत, ते पाह्य वं. मी पाहो तं नुसता गवत. पन पाऊस थांबल्यावर मी जवळ गेली ना — गवत दबला होता. कोनी बसून उठल्यावानी. अन् हात लावला तं गरम."

मी म्हटलं, ऊन पडलं असेल. काकू म्हणाल्या, ऊन कुठचं.

काका माझ्यासाठी खोटं बोलले का? मला सांभाळून घ्यायला? बरेच दिवस मी तसंच धरून चालले, झोप येण्यासाठी ते बरं होतं. पण लंगडणं? ते त्यांना कोणी सांगितलं?

दिवाळीच्या आसपास काकांची नजर गेली. पूर्ण. आणि मग ती सिंहीण मुर्रीला आली.

मी जसं ऐकलं तसं सांगते. दुपारची जेवणं झाली की काका ओसरीवर बसत. धान कापून झालेलं, समोर मोकळ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आणि पलीकडे नहर, पाण्याचा कालवा. काका शांतपणे म्हणत, आली. तेवढ्यात गल्लीतली कुत्री गप्प होत. शेजारच्या बकऱ्या गोठ्यातून बाहेर निघत नसत, पुढे टाकलेला पाला तसाच राही. काकूंनी हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग शेजारणीला बोलावून दाखवलं. शेजारीण त्यानंतर दुपारची यायची बंद झाली.

भीतीचं कारण वेगळंच होतं. काका उठून तिच्याकडे चालायला लागले होते. हातात काठी नाही, कोणाला हाक नाही. सरळ बांधावरून. रब्बीसाठी नहराला पाणी सोडलेलं होतं. एकदा शेतावरच्या माणसांनी त्यांना अगदी काठावर धरलं. काकूंचा फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या, पण आवाज ओळखू येत नव्हता. "तूच सांग त्याइले. तुहाच आयकतेत ते. सांग का इथं काही नाई."

मी गेले. दुपारच होती, स्वच्छ ऊन. काका ओसरीच्या कडेला बसले होते, मी बाजूला प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले. काकू दारात उभ्या. मी मनाशी ठरवून गेले होते की आज सगळं सांगायचं. ट्रेनिंगपासून, फोटोंपासून, त्या नैरोबीच्या फोनपासून. वाक्यंसुद्धा जुळवली होती.

कुत्री गप्प झाली.

काकांनी बांध्यांकडे बोट केलं आणि म्हणाले, "बाई, तू पाह्यली हायेस. हीच ना वं?"

समोर धसकटं होती. ऊन होतं. बांधावर एक पळस. दुसरं काही नव्हतं, मी शपथेवर सांगते. एकच शब्द बोलायचा होता — 'नाही'. तो बोलले असते तर काका पुन्हा नहराकडे गेले नसते. पण त्या एका शब्दामागे बाकीचे सगळे शब्द उभे होते. जाऊन आले नाही, सिंहीण नाही, एप्रिल नाही, काका, तुमचे डोळे मी वाया घालवले. आणि ते मचाणीवरच्या माणसाचा शब्द घ्यावा तसे वाट बघत होते.

मी म्हटलं, "होय काका. हीच."

काकू दारातून आत गेल्या. तेव्हापासून त्यांनी फाटकाला कुलूप लावलंय. काका अजून आहेत. दुपारी फाटकापाशी जातात, गज धरून उभे राहतात, तासन्‌तास. मी सणासुदीला जाते, फराळाचं नेते. काका माझ्या डोक्यावर हात ठेवतात. काकू माझ्याशी बोलत नाहीत. त्यांना कळलंय का, किती कळलंय, मी विचारलेलं नाही. आणि काकांना मी आजपर्यंत काही सांगितलेलं नाही.

त्या दुपारचं एक मात्र राहिलं. ते न सांगता उठले तर हे सगळं लिहिणं फुकट.

मी 'हीच' म्हटल्यावर काका समाधानाने हसले. मान किंचित तिरकी करून, डोळस माणसासारखे, ते आधी समोर आणि मग माझ्या दिशेला बघत राहिले. कपाळाला आठी पडली.

"मंग ती तुह्याकडं काहून पाहून राह्यली?"

बांध्या रिकाम्या होत्या. मी पुन्हा सांगते, रिकाम्या होत्या. मी खुर्ची उचलली, आवाज न करता, आणि काकांच्या मागे नेऊन ठेवली. तिथे बसले, अंग चोरून. त्या आंधळ्या माणसाला पुढे करून मी त्याच्या पाठीआड बसून राहिले, कुत्री पुन्हा भुंकेपर्यंत.