बुधवारच्या बाजारात एक सही

भावाचा फोन आला तेव्हा मी भांडुपच्या घरात गवार मोडत बसले होते. "ताई, बुधवारी सुट्टी टाक. गावी जाऊन येऊ. बाजार बघू, पेठेत भटकू, झकास मजा करू." भाऊ माझ्याहून सात वर्षांनी धाकटा, राहतो मुलुंडला. आमच्यामध्ये एकच स्टेशन आहे, पण दिवाळीशिवाय त्याचं तोंड दिसत नाही. त्यामुळे मी विरघळलेच. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि हो, आधार, पॅन दोन्ही बरोबर ठेव. तिथल्या संग्रहालयात ओळखपत्र मागतात."

कुठल्या संग्रहालयात पॅन कार्ड मागतात? पण सोसायटीतल्या बायकांना बँकेच्या खोट्या फोनपासून सावध करत फिरणारी मी, दोन्ही कार्डं मुकाट्याने पर्समध्ये टाकली.

माळशेज चढून गेलं की पुढे आमचं गाव येतं. गाव लहान, पण बाजारपेठ फार जुनी. दगडी वेस, वेशीच्या आत अरुंद पेठ आणि पेठेच्या मध्यावर आमचं दुकान. वडील तिथं दोर, दावी, कासरे विकायचे. पुढे ते मुंबईला कारखान्यात लागले आणि दुकान भाड्याने गेलं. तरी मे महिन्यात आम्ही गावी असलो की बुधवारी बाजाराच्या दिवशी ते दुकानापुढे बसायचे आणि मला अंबाडीचं दावं वळायला लावायचे. दोरीला पीळ देता देता तळहात सोलून निघायचे. भाऊ तेव्हा माझ्या मांडीवर असायचा. म्हणजे त्या दुकानाची आठवण आमच्या दोघांत फक्त मलाच आहे, आणि गाडीत मी ती त्याला भरभरून सांगत होते. तोही "हो का? मग?" करत होता. इतकं लक्ष देऊन त्याने माझं कधी ऐकलं नव्हतं.

बाजार तसाच होता. मिरच्यांचे ढीग, कुदळी, केरसुण्या, गोडी शेव. आमच्या दुकानात आता बी-बियाणं विकतात. मी उंबऱ्याला हात लावून आले. भाऊ म्हणाला, "चल, तुला बांगड्या भरतो." मी हसले. एवढं प्रेम कुठून उतू जातंय, असं मी त्याला म्हणालेसुद्धा.

वेशीला लागून एका म्हातारीचं बांगड्यांचं दुकान आहे. ती माझा हात दाबून दाबून हिरव्या बांगड्या चढवत होती आणि भाऊ फोनवर बोलत जरा लांब गेला होता. म्हातारीने सहज विचारलं, "हक्कसोडीला आलाय न्हवं, ताई?"

"नाही हो, बाजार बघायला आलोय."

"मंग आसंल. न्हाईतर बुधवारी भाऊ लोक बहिणीला घेऊन येत्यात. आधी माझ्याकडं बांगड्या, मंग समोर साडी, आन् मंग हापिसात सही. हात सैल सोडा."

वडील गेल्यावर बहिणीने त्यांच्या मिळकतीतला आपला वाटा भावाला लिहून द्यायचा, त्याला हक्कसोड म्हणतात. आमच्याकडे बहुतेक बहिणी तो देतात, भाऊ साडीचोळी करतो आणि माहेर शाबूत राहतं. मीही दिला असता. माझ्या स्वयंपाकघरात चहा पिता पिता त्याने विचारलं असतं, तर गॅस बंद करून तिथल्या तिथं सही केली असती. मला त्या दुकानाचं काय करायचं होतं? पण त्याने ते विचारायला हवं होतं. हात म्हातारीच्या हातात होता म्हणून मी उठले नाही, नाहीतर तिथूनच एसटी पकडली असती.

तरी मी स्वतःला बजावलं, म्हातारी काहीही बोलते. भाऊ परत आला तेव्हा मी सरळ विचारलं, "तुझं इथं दुसरं काही काम आहे का रे?"

"काम कसलं गं? तुझ्यासाठी आलोय."

मग तो मला समोरच्या दुकानात घेऊन गेला आणि म्हणाला, "साडी घे."

मी पहिली हाताला लागली ती साडी घेतली. रंग कोणता होता हेही आठवत नाही. बाहेर पडल्यावर तो घड्याळ बघत म्हणाला, "ताई, दोन मिनिटं नोंदणी ऑफिसात जाऊ. दुकानाची घरपट्टी माझ्या नावावर करायचीय, तुझी एक सही लागेल."

मला इतका राग आला की रडू फुटेल असं वाटलं. मी गेले त्याच्याबरोबर. ऑफिसच्या बाकांवर माझ्यासारख्याच बायका बसल्या होत्या, सगळ्यांच्या हातात नव्या बांगड्या आणि मांडीवर साडीची पिशवी. आमचे कागद तयारच होते. माझं नाव, माझं वय, माझा भांडुपचा पत्ता. साहेबांनी विचारलं, "मजकूर वाचलात ना? मान्य आहे?"

"वाचला. पण माझ्या भावाने मला हे अजून मागितलेलंच नाही. त्याने मागावं, लगेच सही करते."

भाऊ लालबुंद झाला. "ताई, काय चाललंय तुझं? सगळ्यांसमोर?"

"मग विचार ना सगळ्यांसमोर. एवढंच म्हण, ताई, मला दुकान देशील?"

तो हळूच म्हणाला, "आणि विचारल्यावर तू नाही म्हणाली असतीस तर?"

मांडीवर झोपवलेल्या या पोराला मी कधी कशाला नाही म्हटलं होतं, ते मी तिथं उभी राहून आठवत राहिले. एकदाही म्हटलं नव्हतं. साहेब पेन पुढे करून थांबले होते.

"नाही," मी म्हटलं आणि बाहेर आले.

घाट उतरून त्याने मला भांडुपला सोडलं. साडी मी गाडीच्या मागच्या सीटवरच ठेवली. घरी येऊन साबण लावून बांगड्या काढायला गेले, तर म्हातारीने त्या इतक्या घट्ट भरल्या होत्या की एकही निघेना.