दोन बोटं तार

सांगलीहून निघताना दुर्बीण मी गोधडीत गुंडाळली. एक लघुग्रह पृथ्वीजवळून, साधारण चंद्राइतक्या अंतरावरून जाणार होता. वाहिन्यांनी प्रलयाचा बाजार मांडला होता, आणि त्याविरुद्ध मी पत्रकं वाटली होती. आता मोजून दाखवायचं होतं. ठरलेल्या वेळी सांगलीतून आमच्या आकाशनिरीक्षण गटाचे सर आणि भंडारा जिल्ह्यातून मी, असे दोघं तो शेजारच्या ताऱ्यापासून किती दूर दिसतो ते टिपणार होतो. दोन नोंदींच्या फरकावरून त्याचं अंतर निघतं. एक हुकली की दुसरी वाया.

भंडारा रोडला उतरून बसनं मोहाडी गाठली. स्टँडवर दुर्बीण उघडून पाहिली. नेत्रभिंगात कोळ्याच्या धाग्यांची फुली होती, तिचा उभा धागा तुटला होता. तारा त्या धाग्यामागून सरकला की वेळ टिपायची, अशी आमची साधी रीत. डोक्यावरचा केस लावून पाहिला, तर भिंगातून तो दोरखंड दिसला.

मला न्यायला मैत्रिणीचे मामा, करडीचे धनराजभाऊ, मोटारसायकल घेऊन आले होते.

"कोश्याची तार चालन का?" तुटलेला धागा पाहून त्यांनी विचारलं.

कोसा म्हणजे इकडचं रानातलं रेशीम, आणि त्याचा कोशही. आत जिवंत पाखरू असताना कोश उकळतात, म्हणून त्याविरुद्धही मी पत्रक काढलं होतं. भाऊंना हे सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात मीच "चालेल" म्हणाले.

विणकर कौसल्याकाकूंच्या दारात भाऊंनी सगळं सांगून टाकलं. काकूंचा माग थांबला.

"काहून वं, का केलं कोश्यानं तुले?"

"उकळून मारतात ना, काकू."

"मारतो. त्याच्यावरच माहं घर चालते. हे लिवलं होतं का तुह्या पत्रकात?"

"नव्हतं लिहिलं."

"लग्नात बी नाही नेसणार?"

"लग्न ठरलंच नाही अजून."

"म्हंजे कोसा बी वाचला आन् नवरा बी."

भाऊ हसत सुटले. काकूंनी कांडीवरची तार तोडायला हात नेला आणि थांबल्या. "किती लांब पायजे?"

"दोन बोटं."

त्यांनी कांडी ठेवून दिली. आतून टोपली आणली. तीत भोकं पडलेले कोसे होते. "यातले पाखरं उडून गेले हायेत. याची तार लांब निघत नाही, तुटते. दोन बोटं निघन."

"कशाला त्रास घेता? ती चालली असती मला."

"तुले चालली असती. मंग पुढच्या पत्रकात काय लिवशीन?"

शिजवून ठेवलेला एक फुटका कोसा त्यांनी कोमट पाण्यात बुडवला आणि नखानं तार सोडवली. दोनदा तुटली. तिसऱ्यांदा आली ती दिसतही नव्हती, नुसती चमकत होती. नेत्रभिंगाच्या कड्यावर, डिंकाच्या थेंबांवर ती ताणून त्यांनीच बसवली.

करडीच्या वाटेवर कापलेल्या बांध्या (बांधांनी वेढलेली धानाची वावरं) आणि धानाचे पुंजणे (रचलेले ढीग) पसरले होते. भाऊंच्या घरी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण जेवले. अंधार पडल्यावर मोकळ्या बांधीत दुर्बीण लावली. लाल कागद गुंडाळलेल्या बॅटरीच्या उजेडात तार विस्तवाच्या रेघेसारखी दिसली. आधी तारा तिच्यामागून गेला. मग शेजारचा, हळूहळू जागा बदलणारा तो ठिपका.

"आता," मी म्हणाले. भाऊंनी मोबाइलवरची वेळ लिहून घेतली. असं अनेकदा केलं.

सांगलीत सरांनी दोन्ही कागद शेजारी मांडले. अंतर निघालं, आणि शास्त्रज्ञांनी आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळ आलं. तत्त्व माझं होतं. ऐन गरजेला ते मी सोडलं, आणि त्याच तत्त्वानं जिचं पोट मारलं जातं, तिनं ते माझ्यासाठी राखलं. हे कुठल्या शब्दांत फेडायचं, मला ठाऊक नाही. मी काकूंना फोन केला.

"निघालं अंतर, काकू. चंद्राच्या जरा पलीकडून गेला."

"आपल्या तारंनं?"

"आपल्याच."

"मंग नवं पत्रक काढशीन तं एक मलेबी धाड. कोश्यावरचं बी. काय काय चुकलं, सांगतो तुले."