माझा गुडघा, गाडीचा क्लच

खंबाटकीच्या चढावर माझ्या गाडीचं इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं आणि गाडी काही पुढं जाईना. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव घेत होते. कारण मला ठाऊक होतं. गाडीला मोठा टर्बो मीच बसवून घेतला होता, ताकद वाढवली होती, पण क्लच मात्र कंपनीचा जुनाच. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवायचं काम क्लचचं. त्याला ते झेपेना, त्याची प्लेट जागच्या जागी घसरायची. सुतळीनं म्हैस बांधल्यातली गत.

नवा, दणकट क्लच टाकायचा म्हणजे प्रश्न मिटला, असं कुणालाही वाटेल. पण दणकट क्लचचं पेडल जड असतं, आणि पेडल दाबायचं ते डाव्या पायानं. माझ्या डाव्या गुडघ्यात खो-खोनं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. शाळेत मी खेळ शिकवते. शिकवते म्हणजे ऑपरेशनपासून मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडते. डॉक्टर म्हणाले, क्लच नसलेली गाडी घ्या. अहो, पळणं गेलं तेव्हा मी गप बसले. आता गाडी पण गेली, तर मी करायचं काय? भाकरी थापायच्या? त्या तर मी थापतेच!

सासऱ्यांना मी मामा म्हणते. लष्करात त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवले. नवरा अजून लष्करातच, लांब, त्यामुळं घरात शब्द मामांचा. त्यांनी गाडीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं, विट्याचं. तिकडं लांबच्या शहरात त्याचं सोनं गाळायचं दुकान, आणि सुट्टीला इकडं आला की माझ्या गाडीभोवती घिरट्या.

"हे बघ पोरी," मामा म्हणाले, "क्लच टाक. महिना-दीड महिन्यानं यवतेश्वरच्या घाटात चढाला गाडी थांबवायची आन् हँडब्रेकला हात न लावता उचलायची. मागं सरकली न्हाई, बंद पडली न्हाई, तर ठेव. न्हाईतर विट्याचा माणूस गाडी घिऊन जाईल."

"चालंल," मी म्हणाले.

माझं माहेर सांगलीचं, म्हणून गाडी तिथल्या ओळखीच्या मिस्त्रीचाचांकडं नेली. चाचांनी आधी मला दुसऱ्या एका गाडीत बसवलं. तिच्या प्लेटवर पकड घेणारं नेहमीचं अस्तर होतं, पण प्लेट दाबून धरणारी स्प्रिंग कडक. उचल मऊ, पेडल मात्र दगड. थोडा वेळ दाबलं-सोडलं तर गुडघा लटलट कापायला लागला. मग त्यांनी हातात दुसरी प्लेट दिली, सगळी सिरॅमिकच्या तुकड्यांची. ती हलक्या स्प्रिंगवर पण पकडते, पण पकडली की एकदम पकडते, गाडी हिसक्यानं सुटते.

"ही बसवली तर ताई, दूध घेऊन निघालासा तर घरात ताक पोचंल," चाचा म्हणाले.

शेवटी मधलं ठरलं. एका बाजूला नेहमीचं अस्तर, दुसऱ्या बाजूला सिरॅमिक, आणि स्प्रिंग बेताची. मग पेडल. माझा गुडघा पुरता दुमडत नाही, म्हणून पेडल मला खाली हवं होतं. चाचा पेडलाखाली वाकून रॉड फिरवायचे, मी दाबून बघायचे आणि म्हणायचे, अजून जरा. परत दाबायचे. नाही हो, आता फार झालं, थोडं वर.

"ताई, ब्लाऊज शिवायला आलायसा व्हय?" चाचा खालूनच वैतागले.

"व्हय! मापाचंच पायजे."

निघताना त्यांनी बजावलं. महिनाभर गावातनंच चालवायची, सावकाश, म्हणजे अस्तर रुळतं. घाट नाही, भार नाही, आणि अर्धा क्लच दाबून गाडी धरायची तर अजिबात नाही.

घरी आले तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, दारात तयार. गाडीत नवं काही पडलं की आधी कुलदैवताला जायचं, ही आमच्याकडची रीत. आणि देवाला जाताना गाडी घरातल्या कर्त्यानं चालवायची, ही त्यावरची रीत. मी घसा कोरडा करून चाचांचं सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "बर्फात ट्रक चढवल्यात आमी. देवाला जाताना कुठनं नाट लागतीय?" आणि मागच्या सीटवर दोन चुलत सासवा, त्यांच्या मधे मी, माझ्या मांडीवर नारळाची पिशवी, अशी वरात निघाली.

देव डोंगरावर. पुढं उसाची ट्रॉली, मुंगीच्या पावलानं. मामांनी ब्रेक लावायचा सोडून अर्ध्या क्लचवर गाडी चढाला तोलून धरली, वर्षानुवर्षं ट्रक धरला तशी. आत्यांनी डॅशबोर्डवर उदबत्तीचा जुडगा पेटवून ठेवला होता, सगळी गाडी धुरानं भरलेली.

"ह्या खेपंची उदबत्ती लयच भिकार निघाली," आत्या नाकाला पदर लावत म्हणाल्या.

मी नाक वर करून वास घेतला. तो वास उदबत्तीचा नव्हता. "मामा, पाय काढा! क्लच जळतोय!"

"काढतो की. ट्रॉली सरकू दे."

परतताना गाडी परत तशीच, इंजिन ओरडतंय आणि चाकं ऐकत नाहीत. नवाकोरा क्लच! मी त्या दिवशी जेवले नाही. उपास नव्हता, राग होता. मामा अंगणात पाठमोरे बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी गाडी दुसऱ्या गाडीला टोचन लावून सांगलीला नेली. चाचांनी उघडून दाखवलं. अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं, आणि ते ज्यावर टेकतं ती चकती निळी पडलेली. चकती लेथवर घासून घेतली, नवी प्लेट टाकली, आणि माझ्या मापाचं पेडल तेवढं तसंच ठेवलं. घरी येऊन मी सगळ्यांसमोर सांगितलं, "आता ह्या गाडीला जो हात लावंल त्याची माझ्याशी गाठ हाय."

"अगं, पण देवाला..." आत्या म्हणाल्या.

"देवाला मी एसटीनं जाऊन येते. देव थांबंल आत्या, त्याला कुठं रुळायचंय?"

मग तो महिना. गावातल्या गावात, राजवाडा, मंडई, पोवई नाका, परत राजवाडा. दाब, सोड, दाब, सोड. सुरुवातीला गाडी बेडकासारखी उडायची, नाहीतर बंद पडायची. नाक्यावर एक रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, शिकताय व्हय?" मी म्हणाले, "व्हय, तुमी शिकवता का?" रिक्षा दामटून गेला. संध्याकाळी गुडघा सुजायचा. पायाला वाळूची पिशवी बांधून मी तो सरळ वर उचलत बसायचे, दात आवळून, डोळ्यांत पाणी आलं तरी. नवऱ्याला फोनवर रडूनही दाखवलं. तो म्हणाला, "मग इकून टाकतीस का?" मी फोन ठेवला आणि परत पाय उचलला. हळूहळू अस्तर रुळलं. पेडल कुठं आलं की प्लेट धरते, ते पाय न बघता सांगायला लागला.

ठरल्या दिवशी मामा शेजारी बसले. विट्याचा माणूस दुपारी येणार होता. यवतेश्वरच्या घाटात, चांगल्या खड्या चढाला, मामा म्हणाले, "थांब हितं." मी थांबवली. रस्ता मोकळा होता. मामा उतरले, चालत मागं गेले आणि गाडीच्या बरोबर मागं, हात टेकंल एवढ्या अंतरावर उभे राहिले.

"आवं मामा, खुळ्यागत काय करताय? बाजूला व्हा!"

"न्हाई व्हत. तुझा क्लच म्या जाळला. आता माझा भरवसा बघ."

आरशात त्यांचं तोंड दिसत होतं. भीती तर वाटत होतीच, पण संताप पण आला, ह्या म्हाताऱ्याचा, गुडघ्याचा, सगळ्यांचाच. ब्रेक धरून मी पेडल हळूहळू वर येऊ दिलं. गाडीचं नाक किंचित उचललं. क्लचनं धरलं होतं. ब्रेक सोडला, उजवा पाय दाबला, आणि गाडी पुढं निघाली, मागं सूतभरसुद्धा न सरकता. आरशात मामा जागच्या जागी उभे होते आणि बारीक होत चालले होते. पुढच्या वळणापर्यंत मला थांबताच आलं नाही. तिथं गाडी कडेला घेतली आणि हमसून हमसून रडले.

वळून खाली आले. मामा आत बसले, पट्टा लावला.

"गुडघा दुखतोय?" त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं.

"लय दुखतोय मामा."

"मी घिऊ का चालवाया?"

"मामा!"

"बरं बरं," म्हणाले, आणि खिशातला फोन काढून विट्याला लावला. "येऊ नगासा. गाडी इकायची न्हाई. तिला चालवणारी आमच्या घरात हाय."