ओळीनं सात वेळा एक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही — बायकोपाशीसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही.

सेलूकडच्या एका सरकारी शाळेत मी गणित शिकवायचो. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगावी दलितांची घरं जळाली, त्याच्या नंतरची ती वर्षं. नववीच्या वर्गात एकदा फळ्यावर ओळीनं सात वेळा एक लिहिला — ११,११,१११ — आणि सांगितलं, ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, बाकी कशानंच भाग जात नाही. तीन, सात, अकरा, तेरा लावून पाहिले होते. पुढं कंटाळा केला. इथवर ती नुसती चूक होती.

दुसऱ्या तुकडीचं गणित वाघमारे बाईंकडं होतं. नव्यानं लागलेल्या, बौद्ध घरातल्या. आपल्या पोरींना त्यांनी शिकवावं, हे गावातल्या बड्या घरांना खुपायचं — आणि माझं घर त्यातलंच, हे कसं लपवू? बाईंनी त्यांच्या वर्गाला सांगितलं, या संख्येला दोनशे एकोणचाळीसनं भाग जातो. पोरांनी ते माझ्या कानावर घातलं. घरी बसून भागून पाहिलं. चार हजार सहाशे एकोणपन्नास, बाकी शून्य. पुन्हा भागलं. पुन्हा शून्य.

वर्गात सांगितलं का? उद्या सांगू, म्हटलं. तेवढ्यात काही पालक हेडमास्तरांकडं गेले — "बाई पोरांना चुकीचं शिकवायल्यात." आम्हा दोघांना बोलावणं आलं. हेडमास्तरांनी विचारलं ते मलाच. बाईंकडं पाहिलंही नाही.

"बाईंची गफलत झाली असंल," मी म्हणालो.

"सर, इथंच भागून बघा की," बाई म्हणाल्या. "किती वेळ लागतोय?"

"राहू द्या. सर जुने हायत," हेडमास्तर म्हणाले.

कागद टेबलावर होता. पेन माझ्या खिशाला. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

बाईंचं गणित गेलं, शिवणकाम आलं — नेमकं माझ्या शेजारच्या खोलीत. टाका कसा घालायचा, हे त्या मुलींना सांगायच्या, ते भिंतीतून ऐकू यायचं. मी इकडं आवाज चढवून बीजगणित शिकवायचो. बदली मागावी? कारण काय देणार? खरं सांगावं? तर इतकी वर्षं गप्प का होतो, हेही सांगावं लागलं असतं. माझा एक विद्यार्थी पुढं मास्तर झाला. तो ती संख्या मूळ म्हणूनच शिकवायचा — माझं नाव घेऊन. त्यालाही मी अडवलं नाही.

नामांतर झालं, त्यानंतर बाईंची सोनपेठला बदली झाली. जायच्या दिवशी त्या व्हरांड्यात थांबल्या.

"सर, एक विचारू? तवा तुमी भागून बघितलं होतं का?"

आसपास कुणी नव्हतं. ते हेडमास्तर कधीच निवृत्त झाले होते, पालक विसरले होते. हो म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं?

"नाही," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा मोकळा झाला. "मग ठीक हाय. मला उगंच वाटायचं, तुमाला माहीत होतं म्हणून." एवढी वर्षं तुमच्याबद्दल मनात वाईट धरलं, म्हणाल्या — आणि माझी माफी मागितली.

मी ती दिली.